सातारा-कुपवाड गुपित टपाल

आमच्या नातीची, आम्रपालीची, दोन स्थळं मोडली, ती दोन्हीबी शालूबाईच्या फोनमुळं. आमच्यात पत्रिका बघत न्हाईत, त्यामुळं गिऱ्हांना नाव ठिवायची सोय न्हवती.

आमी साताऱ्यात, शालूबाई आमच्या भिंतीला भिंत लावून. फोन तिच्या घरात. पावन्यारावळ्यांना आमी तिचाच नंबर दिलेला, म्होरं पीपी, म्हंजी शेजारचा फोन, आसं लिवून. सांगलीस्नं माझ्या ल्योकाचा, म्हंजी आम्रपालीच्या बापाचा, धम्मपालचा फोन आला की शालूबाई हाळी द्यायची, "बनाबाऽऽय, सांगलीचा फोऽऽन!" ती हाळी आजिंक्यताऱ्यावर आपटून परत यायची तवा मी चप्पल घालून निघायची. जाऊन बगती तर फोनपाशी चार बाया तांदूळ निवडत बसलेल्या. त्यातल्या एकीच्या सुपात तांदूळच नसायचं. मोकळं सूप पाखडताना मी सोता बगितलीया.

पैल्या स्थळाच्या टायमाला धम्मपाल फोनवर म्हनला, "आई, पोराला म्होरनं केस जरा इरळ हायती." मी एवढंच म्हनलं, "टक्कल?" दिस मावळायच्या आत ते टक्कल वाईला पोराच्या आईपातूर पोचलं. दुसऱ्या टायमाला मी इचारलं, "पोराची आई लय बोलती का?" तर कराडस्नं निरोप आला, की व्हय, बोलती, आन् आता तुमच्याशी बोलनार न्हाई.

तिसरं स्थळ म्हसवडचं. पोराचं नाव प्रथमेश. बँकेत नोकरी, तीबी सातारलाच. बघायचा कार्यक्रम सांगलीत धम्मपालच्या घरी झाला, तवा आमी दोघं नवराबायको गेलो व्हतो. पोरासंगं त्येचा मामा आलेला. मामा म्हंजी काय सांगू, मानसाच्या आधी मिशी घरात आली. आमची पोरगी पोह्याची बशी ठिवून जी मान खाली घालून बसली ती शेवटपातूर वर केली न्हाई. मला नवल वाटलं. कारन पोरगी माझी नात हाय, आन् लाजायची चाल आमच्या रक्तात न्हाई.

निघताना तिनं मला मोरीपाशी गाठलं. "आज्जे, ह्ये स्थळ तोंडातोंडानं मोडलं तर मी परत कुनाम्होरं बशी घिऊन बसनार न्हाई. सांगून ठिवती. माझ्या मनात काय हाय ते मी तुला लिवून कळवीन. पन त्यांचा होकार येईस्तोवर तुझ्या गल्लीला वास लागता कामा न्हाई."

आता लिवून म्हंजी कसं? पोस्टाचं पाकीट म्हनशीला तर आमच्या गल्लीत राहीबाई ऱ्हाती. पाकीट च्याच्या वाफंवर धरून, वाचून, परत असं चिकटवती की लिवनाऱ्यालाच वाटावं, आपुन ह्ये चिकटवलंच न्हवतं. एकदा तर तिनं माझ्या भनीच्या पत्रातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून धाडली.

हितं आमचं आण्णा मधी पडलं. आण्णा म्हंजी आमचं मालक. फौजेत सिग्नलला व्हतं. रिटायर हून जमाना झाला, पन आजून बी कोथमीर आनायला गेलं की दारातनं "निघालो, ओव्हर" म्हनत्यात. त्यांनी मिशीला... न्हाई, मिशी मामाची. आण्णांनी हनवटीला हात लावला आन् म्हनलं, "गुप्त संदेश यंत्रना उभी करावी लागंल."

तितं म्या गप बसायला पायजे व्हतं. मी म्हनलं, "करा की!"

धम्मपाल कुपवाडला पंप बनवायच्या कारखान्यात. साल अठ्ठ्यान्नव, कारखान्यात नवा कम्प्युटर आलेला, इ-मेल आलेला. जुना कम्प्युटर मालकानं धम्मपालला देऊन टाकला. त्यो त्येनं यष्टीनं साताऱ्याला आनला. खिडकीपाशी सीटवर बसवून. कंडक्टरनं इचारलं, "ह्येचं हाफ का फुल?"

धम्मपालनं मला सगळं समजून सांगितलं. म्हनला, "आई, आपुन आपलं कुलूप सगळ्यांना वाटायचं. ज्येला तुला चिठ्ठी धाडायचीय त्यो तुझं कुलूप लावून धाडनार. किल्ली फकस्त तुझ्यापाशी. मदल्यामदी कुनी चिठ्ठी धरली तरी त्येला नुस्ता अक्षरांचा भुसा दिसंल."

"आन् ती हितनं तितं जानार कशी?"

"एक मशीन हितं, एक कुपवाडला. हितलं मशीन फोन लावून तितल्या मशीनला आपली चिठ्ठी देनार, तितं आलेली घेनार. तितलं मशीन म्होरच्याला देनार. ह्येला रिले म्हनत्यात."

मी म्हनलं, "म्हंजी आमी मळ्यात पाट्या देतो तसं. हिच्या डोक्यावरनं तिच्या डोक्यावर."

"आक्षी तसंच."

"मग फोन लागनार म्हन की."

तिघांनीबी भिंतीकडं बगितलं. भिंतीपलीकडं शालूबाई कुनाला तरी मोठ्यांदा सांगत व्हती, "सांगलीचा ल्योक आलाय. खोक्यातनं काय तरी आनलंय."

दुसऱ्या दिशी आण्णा टेलिफोनच्या हापिसात गेलं. फौजी लोकांना लवकर फोन देत्यात म्हनून कुनी सांगितलेलं. म्याबी संगं गेली. कारकुनानं सादं इचारलं, "आण्णा, फोन कशाला पायजे?" लोकं काय सांगत्यात? ल्योक लांब हाय, म्हातारी आजारी आसती. म्या तर म्होरं हून खोकायलाबी लागलेली. पन आण्णा खरं बोलनारं मानूस. छाती काढून म्हनलं, "बोलायला न्हाई पायजे. गुपित टपालाला पायजे."

"कुनाशी?"

"ते सांगता येत न्हाई. गुपित हाय."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. कळवतो," म्हनला. मला त्येचं 'कळवतो' आवडलं न्हाई. त्यात आमाला कळवतो आसं वाटंना, दुसऱ्याच कुनाला तरी वाटलं.

फोन येईस्तोवर काय करायचं? आम्रपालीचं ते लिवलेलं तिकडं कुपवाडच्या मशीनमधी येऊन पडलेलं. मला बसवंना, उठवंना. स्वैपाकाला मीठ दोनदा पडाय लागलं. शेवटाला आण्णा शालूबाईच्या मालकांकडं गेलं. लालासाहेब बी फौजीच, पन पायदळातलं. आन् पायदळ नि सिग्नल ह्यांचं कवा जमलंय?

"काय आण्णा," लालासाहेब म्हनलं, "लढाईत आमी गोळ्या झेलल्या आन् तुमी वायरी वढल्या. आता म्हातारपनी बी वायरच का?"

आण्णांचं तोंड बगवंना. पन नातीसाठी त्यांनी ते गिळलं. लालासाहेबांच्या खिडकीतनं वायर निघाली, भिंतीवरनं, पेरूच्या फांदीवरनं, माझ्या वाळवनाच्या दोरीवरनं आमच्या मशीनला आली. शालूबाई म्हनली, नवीन वस्तू हाय, हळदकुंकू तरी लावा. मी म्हनलं, आमच्यात ते न्हाई गं बाई. तर तिनं भिंतीच्या तिच्या बाजूच्या वायरला लावलं. त्यामुळं वायर निम्मी पूजलेली, निम्मी कोरी.

आन् सुरू झालं. मशीननं फोन लावला. चींऽऽ, खर्रऽऽ, टुंगटुंग. आण्णांच्या डोळ्यांत पानी आलं. एवढ्यात सगळं बंद. परत लावलं. परत चीं, खर्र, परत बंद. तवर भिंतीवरनं शालूबाई: "बनाबाय, आवं तुमच्या धम्मपालला कफ झालाय! मी कवाची 'हालो हालो' करती, त्यो नुस्ता घशातनं खाकरतोय!"

ही बाई दर टायमाला फोन उचलून ऐकत व्हती. आन् तिनं उचलला की इकडं तुटलं. चिठ्ठी निम्मी यायची. आन् ह्या कुलपाचं आसं, की निम्म्या चिठ्ठीला किल्ली लागत न्हाई. सगळी आली तर उघडनार.

बरं, कधी शालूबाई बाजारला गेली, लाइन मोकळी मिळाली, तर तिकडं कुपवाडचं मशीन झोपलेलं. कारखान्याचा राखनदार नाथाजी लय इमानी मानूस. दिवा बारीक जळतोय म्हंजी कुनी तरी इसरलं, म्हनून त्यो बटनं बंद करायचा. धम्मपालनं त्येला समजावलं, बंद करू नको. तर त्येनं धूळ बसंल म्हनून मशीनवर पोतं टाकलं. मशीन तापलं, दमलं, सोताच बंद पडलं. साताऱ्याचं ठानं जागं तर कुपवाडचं निजलेलं, कुपवाड जागं तर साताऱ्याला शालूबाई.

गल्लीतनं सल्लं यायला लागलं. एकजन म्हनला, मशीनचं तोंड सांगलीकडं करा. लालासाहेब म्हनलं, अर्थिंगला पानी घाला, मग बगा. आण्णांनी रोज सकाळी अर्थिंगला बादली वतायला सुरवात केली. चिठ्ठी काय आली न्हाई, पन तितली पपई जी तरारली, तशी पपई जिल्ह्यात न्हवती.

मग आण्णांनी फौजी डोकं चालवलं. शिट्टी आनली. गल्लीला हुकूम: एक लांब शिट्टी म्हंजी संदेश सुरू, फोनला कुनी हात लावायचा न्हाई. दोन आखूड म्हंजी मोकळं. झालं. आमच्या गुपित टपालाची शिट्टी पार पवई नाक्यापातूर ऐकू जायाची. भाजीवाला गाडा थांबवून हुबा ऱ्हायचा. बाया नळावर घागर धरून म्हनायच्या, "थांबा गं, आण्णांचं गुपित चाललंय."

आता गुपित काय, ह्ये इचारल्याबिगर गल्लीला अन्न ग्वाड लागंल व्हय? अशातच एक निम्मी चिठ्ठी आण्णांनी कागदावर काढली, आन् राहीबाईनं ती वाऱ्यानं उडली म्हनून आनून दिली. वारं आमच्या टेबलाच्या खनात सुटलं व्हतं. कागदावर नुस्ता अक्षरांचा भुसा. ती म्हनली, "बनाबाय, ह्यात काय हाय वं?"

मी काय सांगू? लगीन सांगितलं तर मोडलं. आन् उगा गप बसायचं ते मला बाळपनापासनं जमत न्हाई. मी कागद हातात धरला, बोट फिरवलं आन् वाचल्यासारकं केलं. "कुनाला सांगू नगंस. धम्मपालच्या कारखान्यात पंप करत्यात ते वरवरचं. आत रॉकेटचा एक भाग बनतोय. त्येचं माप हाय ह्यात."

राहीबाईचं तोंड आ वासलं ते पदरानं झाकावं लागलं. मला लय बरं वाटलं. दोन दिस गल्ली आमच्याकडं मानानं बघाय लागली. लालासाहेबांनी बी आण्णांना खुर्ची दिली. पन टेलिफोनच्या हापिसातनं एक वळखीचा सांगून गेला, की तुमची चौकशी लागलीया, पोलिसातला मानूस येनार. आण्णांनी शिट्टी मारून गल्ली गोळा केली आन् सांगितलं, "कुनी दांडगा, मिशीवाला मानूस आमच्याबद्दल इचारत आला, तर आमी वळखत न्हाई म्हनायचं. फौजी शिस्त."

दुसऱ्या दिशी सकाळी, कुनाच्या पुण्याईनं म्हायती न्हाई, पैली आख्खी चिठ्ठी आली. मी म्हनलं, "उघडा, उघडा!" आण्णा म्हनलं, "पैलं अधिकृत टपाल. आंघोळीबिगर न्हाई." आन् पंचा घिऊन गेलं. मला कुठं दम निघतोय? मी इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. शेवटी कंदी पेढं तरी आनू म्हनून बाहीर पडली. तेवढ्या वक्तात जे झालं ते मला मागनं राहीबाईनं सांगितलं. तिनं त्यात तिचं मीठ घातलं, मी माझं घालती.

गल्लीत आदी एक किडकिडीत मानूस आला. बगलंत छत्री, गोड बोलनं. शालूबाईला म्हनला, "ताई, हे आण्णांचं घर कसं आहे? कोण येतं-जातं? मुलगा काय करतो?"

घरात लग्नाची नात, आन् परका मानूस शेजाऱ्याला घर कसं हाय इचारतोय. आपल्याकडं ह्येचा अर्थ एकच. शालूबाईनं त्येला आत घेतला, खुर्ची पुसून दिली, पोहं केलं, वरनं खोबरं. आन् बिचारीनं मनापासनं तारीफ केली. दोन स्थळं आपल्यामुळं मोडली ह्ये तिलाबी आत कुठं तरी टोचत आसंल. म्हनली, "घर म्हंजी सोनं. ल्योक रॉकेट बनवतो. रोज गुपित कागद येत्यात, म्हाताऱ्याला सगळं उघडता येतं. आमच्याच फोनवरनं जातं सगळं. आमीबी त्यात हाय म्हना की!"

किडकिडीत मानूस पोहं खायचा थांबला. त्यो साध्या कपड्यातला हवालदार व्हता.

त्यो तिथनं उठतोय तवर गल्लीच्या तोंडाला मामा. म्हसवडस्नं आलेला, पायांत फौजी बूट, आन् म्होरं मिशी. लालासाहेबांच्या दारात थांबून गरजला, "आण्णांचं घर कंचं? मानसं कशी हायती?"

लालासाहेबांनी शिस्त पाळली. म्हनलं, "कोन आण्णा?"

"आवं, बाजूलाच ऱ्हात्यात म्हनं!"

"ऱ्हात असतील. आमचा त्यांचा काय संबंद न्हाई."

मामानं वर बगितलं. लालासाहेबांच्या खिडकीतनं वायर निघून पेरूवरनं आमच्या घरात गेलेली. बाया नळावर हुब्या व्हत्या, त्यांना इचारलं. एकीनं मान हालवली, दुसरीनं घागर घिऊन पळ काढला. राहीबाई म्हनली, "आमी हितल्या न्हाईच."

मी पेढं घिऊन दारात आली तर घरात आण्णा केस पुसत हुबं, समोर हवालदार, आन् मागनं मला ढकलून मामा आत. म्या पदर सारका केला. मामाला म्हनलं, "जयभीम, बसा की."

"जयभीम. बसत न्हाई. आवं, ह्या गल्लीत तुमाला एक मानूस वळखत न्हाई! मला बगून बाया पळत्यात! कसलं घर म्हनायचं ह्ये? मी एक गोष्ट इचारायला आलो व्हतो, पन आता न्हाई इचारत. पोरगी तेवढी लाजाळू, गुनाची, म्हनून इथवर आलो. आता राम... आपलं, आता जातो."

"कुणी जायचं नाही," हवालदार म्हनला. तवा कळलं त्यो कोन ते. "आधी या मशीनमधला कागद उघडा. रॉकेटचं माप."

मामानं दोन डोळं मोठं केलं. "रॉकेट?"

आण्णा ताठ. "संदेश दुसऱ्याम्होरं उघडता येत न्हाई."

"मग चला चौकीवर."

मला काय करू सुधरंना. उघडावी तर त्यात पोरीनं काय लिवलंय देव जानं. आमच्या घरात खरं बोलायची खोड, आन् ह्याआदी एका टकलानं आन् एका बडबडीनं दोन लग्नं खाल्लेली. न उघडावी तर म्हातारा चौकीत, आन् चौकीत गेलेल्याची नात कोन करतंय? खिडकीत बगितलं तर आख्खी गल्ली गजाला धरून हुबी. मी म्हनलं, "आवं, उघडा. जे हाय ते हाय."

आण्णांनी माझ्याकडं बगितलं. मग म्हनलं, "किल्लीचा परवलीचा शब्द मी कुनाम्होरं दाबनार न्हाई. सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा."

आवाजच आसा लावला की सगळी फिरली. मी फिरली, मामा फिरला, खिडकीतल्या बाया फिरल्या. हवालदारबी फिरला, मग त्येच्या ध्यानात आलं आपुन पोलीस हाय, पन तवर टकटक हून गेलं व्हतं.

चिठ्ठी मराठीतच, पन इंग्रजी अक्षरांत. हवालदारानं बोट ठिवून एकेक शब्द मोठ्यांदा वाचला.

"आज्जी. मुलगा. मला. पसंत आहे." खिडकीत कुनीतरी "आगं बया!" केलं. "तुला वाटलं असेल. मी लाजत होते. मी लाजत नव्हते. मामांनी चहा पिताना. मिशी. कपात बुडवली. ती वर आली. तेव्हा. एका बाजूची साय. दुसऱ्या बाजूला..."

हवालदार थांबला. मामाकडं बगितलं. मामा म्हनला, "वाचा."

"...मला हसू आवरेना. म्हणून मी मान खाली घातली. चोरून वर बघितलं. तर प्रथमेशपण. मान खाली घालून हसत होता. त्याने मला बघितलं. मी त्याला बघितलं. आज्जी, ज्याच्यासोबत. इतकं हसू दाबता येतं. त्याच्यासोबत. राहता येईल. असं वाटतं."

मी पेढ्याचा पुडा एवढा दाबून धरलेला, की त्येचा एकच पेढा झाला. मामा खुर्चीवर बसला. हात मिशीपातूर गेला, परत खाली आला.

"हासत व्हती," त्यो म्हनला. "त्या येड्याचंच खरं झालं."

मी म्हनलं, "कुनाचं?"

"आमच्या प्रथमेशचं. आवं, त्यो मला म्हनला, मामा, ती पोरगी मान खाली घालून लाजत व्हती का हासत व्हती, तेवढं इचारून या. हासत असंल तर माझा होकार सांगा. लाजत असंल तर ऱ्हाऊ द्या, घरात मी एकटा लाजनारा पुरे. मी त्येला शंबरदा सांगितलं, आरं, कुळवंत पोरगी हाय, लाजतच व्हती. मी समोर बसलेलो हाय म्हनलं. मला कळत न्हाई व्हय?" त्येनं दम घेतला. "म्हंजी झालं. होकार हाय आमचा."

"आणि रॉकेट?" हवालदार म्हनला.

कुनी त्येच्याकडं बगितलं न्हाई. मी त्येच्या हातावर पेढ्याचा गोळा ठिवला.

मामा उठून आण्णांच्या जवळ गेला. आवाज बारीक करून, पन त्येचा बारीक आवाज म्हंजी आपली हाळी, म्हनला, "आण्णा, ही चिठ्ठी परत कुलपात घालता येती का? म्हंजी... मिशीचं तेवढं आपल्यातच ऱ्हाऊ दे."

इतक्या दिसात कुनी आण्णांना आसं मानानं इचारलं न्हवतं. आण्णांची छाती फुगली, पंचा खांद्यावर नीट बसला. "येती की! सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा."

खिडकीतनं राहीबाई म्हनली, "घाला, घाला. आमी काय ऐकलंच न्हाई."

परत सगळी फिरली. आण्णा मागं टकटक करत व्हतं. भिंतीकडं तोंड केलेली मानसं हसाय लागली की त्यांच्या पाठी कशा हालत्यात, ते मी त्या दिशी बगितलं. शालूबाईची हालत व्हती, लालासाहेबांची हालत व्हती, हवालदाराची छत्रीसकट हालत व्हती. पन सगळ्यात जास्ती हालत व्हती, ती मामाची.